बैठकीतले साहेब, ओट्यावरचा पाम

झाड विकणं सोपं असतं. गिऱ्हाईक येतं, कुंड्यांमधून दोन चकरा मारतं आणि सगळ्यात टवटवीत दिसेल त्या कुंडीवर बोट ठेवतं. कुंडी उचलून फाटकापर्यंत गेलं, की मागं वळून विचारतं, "पण ताई, ही ठेवायची कुठं?" वाटूर फाट्यावर मी तीस वर्षं नर्सरी चालवली. माझं खरं काम या प्रश्नापासून सुरू व्हायचं आणि बऱ्याचदा त्या गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जायचं.

झाड बोलत नाही, पण काही लपवतही नाही. पानं पिवळी पडली तर पाणी जास्त होतंय. टोकं करपली तर हवा कोरडी आहे. मान लांबवून एकाच बाजूला वाकलं तर बिचारं उजेड शोधतंय. एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली. पुढची अठ्ठावीस वर्षं, "झाड तुमच्यामुळं मेलं" हे गिऱ्हाइकाचं तोंड न उतरवता कसं सांगायचं, हे शिकण्यात गेली. आपल्याकडं झाडं तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात. सकाळी सासू पाणी घालते, दुपारी सून घालते, संध्याकाळी आलेला पाहुणा पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतून पुण्य कमावतो. आठ दिवसांत मुळं सडतात. मग तिघंही माझ्याकडं येतात आणि म्हणतात, काहीतरी औषध द्या.

मी औषधाऐवजी प्रश्न विचारायची. खिडकी कुठल्या बाजूला, पंखा किती वेळ चालतो, आणि त्या खोलीत बसतं कोण? हा तिसरा प्रश्न मला एका कचेरीनं शिकवला. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली होती. तिथल्या मोठ्या टेबलावर मी दिलेला मनी प्लांट तीन वेळा मेला. मनी प्लांट म्हणजे पाण्याच्या बाटलीतसुद्धा जगणारं झाड. ते तीनदा मरतं म्हणजे माझी अब्रू जाते. शेवटी मी एक दिवस अर्जदार म्हणून तिथल्या बाकावर बसले. अकरा वाजता चहा आला. पिऊन झाल्यावर एकेक जण उठला, पेल्यात थोडं पाणी घातलं, खळखळून विसळलं आणि मनी प्लांटच्या कुंडीत ओतलं. चार वाजता पुन्हा तेच. कुंडीत साखर मुरली होती आणि मुंग्यांनी तिथं गाव वसवलं होतं.

त्याच रस्त्यावर एक केस कापायचं दुकान होतं. तिथं माझाच दिलेला मनी प्लांट आरशाला वेढा घालून छतापर्यंत पोचला होता. दुकानदार पाण्याचा एक फवारा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मारायचा आणि एक झाडावर. समोर रस्त्याचा उजेड, आरशातून त्याचा दुसरा उजेड, आणि दिवसभर गप्पा. मी कचेरीतल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, तुमच्या खोलीपेक्षा त्याचं दुकान झाडाला बरं आहे. त्यांना ते लागलं. खात्री करायला ते स्वतः दाढी करायला गेले. परत येऊन म्हणाले, ताई, खरं आहे, मलाही तिथून उठावंसं वाटेना.

तेव्हापासून मी जागा बघायला गेले की आधी तिथं बसणाऱ्या माणसाकडं बघायची.

एक कबुली इथंच देऊन टाकते. लोक विचारायचे, कुठल्या दिशेला ठेवलं तर घरात बरकत येईल? मला दिशांचं काहीच कळत नाही. ज्या भिंतीला खिडकी असेल ती दिशा मी शुभ सांगायची. एका गल्लीत तर समोरासमोरच्या दोन घरांत मी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही शुभ करून ठेवल्या होत्या, आणि पुढं त्या दोन बायका एकमेकींशी भांडल्या. झाडं मात्र दोन्हीकडची जगली. थोडक्यात, झाडाच्या भल्यासाठी खोटं बोलायची मला सवय होती. ती सवय माझ्या हाताबाहेर कशी गेली, ते आता सांगते.

मधुकरराव नावाचे एक गृहस्थ होते. सरकारी नोकरीत जालन्याला पस्तीस वर्षं काढली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मग मंठ्याला नवीन बांधलेल्या घरात बायकोसह राहायला आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायची. श्रावणात ते माझ्याकडं आले आणि एरिका पाम घेतला. हे झाड नारळाच्या पिल्लासारखं दिसतं, लांब झुपकेदार पानांचं. कुठं ठेवू असं न विचारणारं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. जागा त्यांनी आधीच मुक्रर केली होती: बैठकीची खोली, सोफ्याच्या उजव्या हाताला. पाणी कधी, किती, ते त्यांनी मला विचारून कागदावर उतरवून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

तीन आठवड्यांनी बस फाट्यावर थांबली आणि साहेब पामला कडेवर घेतल्यासारखं घेऊन उतरले. टोकं करपली होती, पानं माना टाकून होती. त्यांनी बाकावर पाम ठेवला, शेजारी एक वही ठेवली आणि वहीवर बसचं एक हाफ तिकीट ठेवलं. पाम सीटवर ठेवला म्हणून कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायला लावलं होतं. त्यावर साहेबांनी नियम विचारला होता, कंडक्टरला तो सांगता आला नव्हता, आणि वाटूर येईपर्यंत दोघं त्यावर बोलत आले होते.

"ताई, मी तुमच्या सूचनांचं तंतोतंत पालन केलं आहे," ते म्हणाले. "सबब माल सदोष आहे."

वही उघडून बघितली. रोजची नोंद होती. तारीख, पाण्याची वेळ, किती पेले, पानांची संख्या, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात बहुतेक दिवशी "निरंक" लिहिलं होतं. शेवटच्या आठ दिवसांत "चिंताजनक" होतं. मी मुकाट्यानं दुसरा पाम दिला. तोही महिन्याभरात त्याच बसनं, त्याच सीटवर बसून परत आला. मग मी म्हणलं, साहेब, हा परत घेऊन जा, आता मीच येते.

मी गेले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील. सुलभाबाईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, दार उघडलं आणि मला बैठकीत नेलं. खोली चांगली मोठी होती. खिडक्यांना जाड मरून पडदे, खिडक्या बंद, वर एसी चालू. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. कोपऱ्यात पाम उभा होता आणि त्याच्या डाव्या हाताला साहेब बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पट्टा लावलेली पँट, खिशाला पेन. समोर वर्तमानपत्र होतं आणि ते निविदा सूचना वाचत होते.

मी धंद्याच्या सवयीनं दोघांना न्याहाळलं. पाम पिवळा पडला होता, साहेबही. पामची मान पडद्याच्या फटीकडं वळली होती, साहेबांचीही. नवीन पालवी दोघांवरही दिसत नव्हती.

बोलता बोलता कळलं, की ते रोज दहाला तयार होऊन तिथं बसतात आणि पावणेसहाला उठतात. मधली जेवणाची सुट्टी दीड ते दोन. कुणी भेटायला येतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, अद्याप नाही.

निघाले तेव्हा सुलभाबाई माझ्यामागं फाटकापर्यंत आल्या. स्वयंपाकघरातून आल्या होत्या, घामानं चिंब. त्यांचं स्वयंपाकघर पश्चिमेला, वर पत्रा. त्या हळू आवाजात बोलत होत्या. साहेबांचं जेवण तुटलं होतं, झोप नव्हती. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, सगळं बराबर निघालं, तरी माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता.

"बोलतच न्हाईत वो ताई," त्या म्हणाल्या. "परवा मी विचारलं, भाजी कोन्ती करू, तर मला म्हणले, उद्या या."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तशीच माघारी वळले आणि पुन्हा बैठकीत गेले.

पामला सकाळचं कोवळं ऊन आणि मोकळी हवा लागते, हे खरं होतं. तेवढंच सांगून मी थांबायला हवं होतं. रोज सकाळी सात ते नऊ कुंडी बाहेर ओट्यावर ठेवा, असं मी सांगितलं. साहेबांनी चोरीची शक्यता मांडली. मी म्हणलं, मग कुणीतरी शेजारी बसावं लागेल. कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं, तुम्हीच. त्यांनी पेन काढलं, पण लिहायला घेईनात. निव्वळ राखणीसाठी अधीक्षक दर्जाच्या माणसानं ओट्यावर बसावं, हे त्यांना पटत नव्हतं.

तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "राखण न्हाई साहेब. या जातीच्या पामला माणसाचा श्वास लागतो. हातभर अंतरावर बसायचं आणि अधूनमधून बोलायचं. न्हाईतर तो वाढतच न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, बोलण्याचा विषय काय असावा? मी म्हणलं, काहीही चालेल, कामाचंसुद्धा. खाली त्यांनी माझी सही घेतली.

पुढचं मला कळत गेलं ते सुलभाबाईंच्या फोनवरून आणि साहेबांच्या वहीतून. पहिले आठ दिवस साहेब पूर्ण पोशाखात, खुर्ची टाकून, पामशेजारी बसले. पामला त्यांनी जुन्या बदल्यांच्या फायली सांगायला सुरुवात केली. कुणाला कुठं टाकलं, कुणी रद्द करून आणली, कुणावर अन्याय झाला. हा माणूस कुंडीशी बोलतोय म्हणून दूधवाला थांबला. दूधवाल्याला ती बदलीची गोष्ट आवडली, दुसऱ्या दिवशी तो पुढचा भाग ऐकायला लवकर आला. मग समोरचे गुरुजी आले, त्यांच्या पेन्शनच्या कागदात काहीतरी अडलं होतं. साहेबांनी तिथंच मांडीवर वही ठेवून अर्ज लिहून दिला. पंधराव्या दिवशी साहेब बनियनवर बसले. वहीत नोंद होती: "सकाळी ७.०५ झाड बाहेर. ९.४० झाड आत. विलंबाचे कारण: गर्दी."

पामला मधून सुईसारखं नवं पान फुटलं. साहेबांनी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या, असा सुलभाबाईंचा फोन आला. मला इतका आनंद झाला की मी माझ्या सुनेला सांगितलं, बघ, याला म्हणतात धंदा.

चार दिवसांनी पुन्हा त्यांचा फोन. "ताई, दोन तासानं पामचं भागून राह्यलं न्हाई असं वाटतं. संध्याकाळचं पण सांगता का?"

मी सांगितलं. साहेब चार ते सहा बसू लागले. मग आठवड्याभरानं सुलभाबाईंनी विचारलं, झाडाला फिरवून आणलं तर चालतं का? झाडाला फिरवतात असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण एवढी काळजी करणारी बायको मी क्वचितच पाहिली होती. मी म्हणलं, फार चांगलं. साहेबांनी वेल्डिंगवाल्याकडून चार बेअरिंगांच्या चाकांवरची एक लोखंडी पाटी करून घेतली, तिला दोरी लावली, आणि मंठ्याच्या रस्त्यानं संध्याकाळी पामला ओढत बाजारापर्यंत नेऊ लागले. लोक विचारायचे, साहेब, कुठं निघालात? ते सांगायचे, झाडाचं फिरणं आहे. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात भाजीवाल्या बाया पामसाठी जागा सोडून बसायला लागल्या.

बाजार पामला मानवतो का, असं साहेबांनी मला फोनवर विचारलं. मी म्हणलं, बिलकुल मानवतो. आता माघार घेणं माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

उन्हाळा लागला. आपल्याकडचा मार्च म्हणजे ओट्यावर पापड भाजून निघावेत असा. पामला ते ऊन सोसलं नसतं, आणि साहेबांनी तसं रास्त विचारलंही. म्हणाले, आता दोघंही आत बसतो. मी होकार देणारच होते, तेवढ्यात सुलभाबाईंचा फोन आला. घरासमोर रस्त्यापलीकडं मोठा लिंब आहे, त्याची सावली चालंल का? मी म्हणलं, चालेल. दिवसभर? मी म्हणलं, दिवसभर. साहेबांची खुर्ची लिंबाखाली गेली. आता नाश्त्यानंतर जायचे ते थेट दिवस मावळायला घरी. तिथं गल्लीतल्या लोकांनी आपापली मरतुकडी झाडं आणून ठेवायला सुरुवात केली. कुणाचा गुलाब, कुणाची शेवंती. कामावर जाताना आणून सोडायचे, येताना घेऊन जायचे, बालवाडीसारखं. साहेब सगळ्यांची हजेरी घ्यायचे आणि सगळ्यांशी बोलायचे. उशिरा येणाऱ्या झाडांना ते लाल शेरा देत.

मी एकदा जाऊन बघून आले. साहेबांच्या अंगावर रंग चढला होता. खणखणीत बोलत होते. मला म्हणाले, "ताई, तुम्ही श्वासाचं सांगितलंत ते शास्त्र खरं आहे. अनुभव घेतला." मी पायातल्या चपलेकडं बघत उभी राहिले. या खोट्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा त्रास झाला.

आणि मग बकरी आली.

बकरी शेजारच्या कासाबाईची. रोज समोर बांधलेली असायची, त्या दिवशी दोर सुटला. साहेब हात धुवायला घरात गेले होते, दोन मिनिटांपुरते. बाहेर आले तेव्हा पामच्या पाच दांड्या आणि अर्धं पान उरलं होतं. दुसऱ्या कुठल्याही झाडाला बकरीनं तोंड लावलं नव्हतं. कासाबाईनं येऊन माफी मागितली. साहेबांनी सगळ्यांना आपापली झाडं घेऊन जायला सांगितलं, दांड्यांसकट कुंडी पाटीवरून घरी आणली, आणि वहीत लिहिलं: "प्रकरण बंद."

हे मला सुलभाबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, त्या एकट्या बसनं नर्सरीत आल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच येत होत्या. मी त्यांना रोपांवर ताणलेल्या हिरव्या नेटच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. साहेब सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा बैठकीत जाऊन बसले होते. पडदे ओढून घेतले, पेन खिशाला लावलं, आणि विचारलेल्या कशाचंही उत्तर देईनात.

मी त्यांना धीर देऊ लागले. म्हणलं, तब्येत पुन्हा खालावेल म्हणून तुम्हाला भीती वाटते, साहजिक आहे.

"ते तर हायेच," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "पन ताई, खरं सांगू का? ते बाहेर गेल्ते म्हणून ती खोली मला मिळाली."

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. पस्तीस वर्षं त्यांनी भाड्याच्या घरांत पत्र्याखाली स्वयंपाक केला होता. नव्या घरात एक थंडगार खोली झाली, तर तिच्यात दहा ते पावणेसहा कचेरी भरायला लागली. साहेब ओट्यावर बसायला लागले त्या पहिल्या सकाळी त्या झाडू मारायला बैठकीत गेल्या आणि सोफ्यावर सहज टेकल्या. एसी चालू होता, पडदे ओढलेले, रस्त्याचा आवाज नाही. त्यांना तिथंच झोप लागली. अशी झोप लग्नानंतर लागली नव्हती, असं त्या म्हणाल्या. सोफ्याचं प्लॅस्टिक त्यांनी त्याच दिवशी फाडून काढलं. संध्याकाळचे दोन तास वाढवले ते चहानंतर पडून पुस्तक वाचता यावं म्हणून. फिरायला पाठवलं ते टीव्हीसाठी. आणि लिंबाची सावली सुचवली ती दुपारच्या झोपेसाठी. गुडघे दुखायचे थांबले होते, डोकं दुखायचं थांबलं होतं, वजन दोन किलोनं वाढलं होतं.

"मला ती खोली लई मानवली, ताई," त्या म्हणाल्या.

ती खोली पाहिली त्या दिवशी मी मनात तिला पार नापास करून टाकलं होतं. बंद, कोरडी, काळोखी, कुणाच्या कामाची नाही. खोलीत कोण बसतं, एवढं विचारायची अक्कल मला आली होती. तिथं बसावंसं कुणाला वाटतंय, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. ज्या बाईची मी पत्र्याखाली बघून कीव केली होती, तिलासुद्धा नाही. तीस वर्षं घराघरांत फिरून कुंड्यांच्या जागा सांगितल्या, आणि हे राहूनच गेलं.

"बकरी खात न्हाई असं एखादं झाड द्या," सुलभाबाई म्हणाल्या.

हे माझ्या रोजच्या धंद्यातलं होतं. मी कण्हेर काढून दिली. पान विषारी, कडू, बकरी वास घेऊन पुढं जाते. ऊन, वारा, दुष्काळ, काही दिलं तरी उभी. आठवड्यातून दोनदा पाणी घातलं की काम झालं. गुणच गुण सांगत मी कुंडी त्यांच्या हातात दिली. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. मला वाटलं, कुठं ठेवू असं विचारणार. त्या परत आल्या.

"याची राखण कोन करनार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणलं, राखणीची गरजच नाही.

"याच्याजवळ बसावं लागत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

त्यांनी कण्हेर हळूच खाली ठेवली. मग एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, "मंग बकरी खाईल असंच द्या."

मी त्यांना जास्वंद दाखवली. त्या दिवशीइतका विचित्र सौदा मी आयुष्यात केला नाही. त्या दोष विचारत होत्या आणि मी दोष सांगत होते. बकरीला आवडते का? पानं, कळ्या, कोवळी सालसुद्धा. रोज बघावं लागतं का? रोज, आणि पानं उलटून, कारण मावा नावाची पांढरी कीड पडते. ऊन? दिवसभर. पाणी? उन्हाळ्यात दोन वेळा, चुकलं की कळ्या गळतात. आत ठेवली तर? आत ठेवली तर एक फूल देणार नाही. प्रत्येक दोषाला त्यांचा चेहरा उजळत गेला. शेवटी त्यांनी सगळ्यात नाजूक रोप निवडलं, ज्याच्यावर थोडा मावा आधीच होता. बदलून देते म्हणलं तर देऊ नका म्हणाल्या. कागदावर त्यांनी माझ्याकडून "राखण अत्यावश्यक" असं लिहून घेतलं आणि सही घेतली. नवऱ्याच्या हाताखाली राहून त्याही शिकल्या होत्या.

साहेबांनी पहिल्या दिवशी जास्वंदीकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद वाचला. तिसऱ्या दिवशी सुलभाबाईंनी कुंडी लिंबापाशी उन्हात नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं. पडद्याच्या फटीतून साहेबांना बकरी दिसली. ती उभी होती, दोर ताणलेला होता. साहेब बनियनवरच पळत बाहेर गेले, आणि तिथून ते पुन्हा लवकर आत आले नाहीत. वहीत नवं पान सुरू झालं: "प्रकरण पुन्हा उघडले."

जून संपता संपता मी त्या बाजूला गेले होते. साहेब लिंबाच्या सावलीत, जास्वंद हातभर अंतरावर उन्हात, तिच्यावर चार लाल फुलं. गल्लीतली झाडं पुन्हा येऊन बसली होती. जास्वंदीला साहेब एका रद्द झालेल्या बढतीची हकिकत सांगत होते आणि दूधवाला मान हलवत होता. कासाबाईशी त्यांचा समझोता झाला होता. छाटलेले शेंडे रोज साडेचारला बकरीला द्यायचे, त्याआधी तिनं मागायचं नाही. मी पोचले तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बकरी खुर्चीपासून चार पावलांवर, दोर ढिला ठेवून, गप उभी होती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, हिच्याइतकी वक्तशीर माणसं मला नोकरीत मिळाली नाहीत.

सुलभाबाईंना भेटावं म्हणून मी घरात गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत गारवा, काळोख, आणि सोफ्यावरून शांत, लांब घोरण्याचा आवाज. मी दार तसंच लोटून घेतलं आणि चपला हातात घेऊन बाहेर आले.

नर्सरी आता सून बघते. ती लोकांना फोनवर फोटो मागवून जागा सांगते, आणि बऱ्याचदा बरोबर सांगते. मी रिकामी आहे, म्हणून या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले. लिहून झाल्यावर मला धाकधूक वाटली. साहेब अंक घेतात आणि जाहिरातींसकट वाचतात. श्वासाची गोष्ट मी बनवलेली होती, आणि पुढचं सगळं बैठकीतल्या झोपेसाठी होतं, हे त्यांना कळणार. मी सुलभाबाईंना फोन केला. सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, हे छापायला देऊ, का राहू देऊ?

त्या जांभई देत होत्या. बहुतेक मी झोपमोड केली होती.

"द्या की छापायला," त्या म्हणाल्या. "वाचून राग आलाच, तर भांडायला त्यान्ला आत यावं लागंल. आन् बकरी तर समोरच बांधलेली असती."